धाकूनं फाटक नाकारलं

१८९२च्या उन्हाळ्यात ठाकुर्लीजवळ रेल्वेच्या तारेचा एक खांब जमिनीखाली कुजून पोकळ झालेला होता, आणि धाकू भोईर त्याच्या टोकाला पोचेपर्यंत ही गोष्ट कुणालाच ठाऊक नव्हती.

धाकू कोपरचा. डोंबिवलीजवळ खाडीकाठी वसलेलं हे आगऱ्यांचं गाव. पावसाळ्यात भात आणि उरलेले महिने मिठागर. घरात थोरला भाऊ काळुराम, त्याचं कुटुंब, धाकूची बायको मालन आणि तान्ही शेवंती. मिठागरात दोघा भावांचा निम्मानिम्मा वाटा होता, पण धाकूचा जीव त्या चिखलात कधी रमला नाही. मिसरूड फुटल्यावर वर्षा-दोन वर्षांत तो तारखात्याच्या टोळीत खलाशी म्हणून लागला. खांब पुरायचे, माकडासारखं वर चढायचं, चिनी मातीच्या वाट्यांना तार बांधायची, तुटली की सांधायची. मुंब्र्यापासून कल्याणपर्यंत धाकूची मिठी पडली नाही असा खांब सापडणं कठीण.

त्या दिवशी खांब आधी हलला, मग करकरला आणि धाकूला घेऊनच आडवा झाला. मांडीचं हाड खुब्यापाशी मोडलं. टोळीतल्या गड्यांनी त्याला ढकलगाडीवर घालून कल्याण स्टेशनात आणलं आणि तारघराच्या ओसरीवर निजवलं. आत प्रभाकरपंत यंत्रावर बसले होते. कल्याणचं तारघर त्यांच्या हाताखाली. काळा कोट, डोक्याला पगडी, बोलणं मोजकं. त्यांच्या बोटांखाली चावी कटकट वाजत होती. दुखण्यानं धाकूच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, तरी त्याला वाटलं, हे आपल्याबद्दलच चाललंय.

"पंत," तो कण्हत म्हणाला, "काय कळवलंत वर?"

प्रभाकरपंतांनी मान वळवली. "खांब मोडला. दोन तारा खाली आल्या. नवा खांब आणि चार माणसं ताबडतोब पाठवा."

"आणि मी?"

"तुझं काय?"

"मी पडलो, ते?"

"अरे, तार कामाच्या गोष्टीसाठी असते. तुझं टपालानं जाईल."

प्रभाकरपंत काही दुष्ट नव्हते. त्यांनीच पाणी पाजायला सांगितलं, हाडवैद्याला आणायला हमाल धाडला. पण ते वाक्य धाकूच्या मनात रुतलं ते रुतलंच. इतकी वर्षं आपण या तारा अंगाखांद्यावर वाहिल्या. त्यांतून काय जातं ते आपल्याला कळत नाही, आणि ज्यांना कळतं त्यांच्या बोलण्यात आपण कुठंच नाही.

सगळा पावसाळा धाकूनं खाटेवर काढला. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. खांबावर चढणं संपलं. मिठागरात दिवस-दिवस खाऱ्या चिखलात उभं राहणंही संपलं. रेल्वेच्या तारखात्यानं मात्र त्याला अगदीच वाऱ्यावर सोडला नाही. दिवा गावाच्या बाजूला एका गाडीवाटेवर रुळाचं फाटक होतं आणि तिथला म्हातारा फाटकवाला घरी बसणार होता. ती जागा धाकूला देऊ केली. महिना सहा रुपये, राहायला दोन खणांची खोली, भोवती भाजीपाल्यापुरती जमीन. आगगाडी यायच्या आधी फाटक लावायचं, गेली की उघडायचं. लंगड्याला झेपेल असं काम, आणि तेही जन्माचं.

हे ठरवायला घरात बैठक बसली. काळुराम होता, मालनचा बाप मुद्दाम आला होता.

"सहा रुपये नि वर घर," काळुराम म्हणाला. "देवानं एक पाय घेतला नि दोन्ही हातांनी दिलं. उद्याच जा नि अंगठा मारून ये."

"अंगठा कला मारू? मना सही येते," धाकू म्हणाला. लहानपणी तो कल्याणला मामाकडं राहून मराठी चार इयत्ता शिकला होता. "नि मना फाटक नको. मी तार शिकनार."



"तार शिकनार म्हंजे?" सासऱ्यानं विचारलं.

"तारमास्तर होनार. ठाण्याला टेंभी नाक्यावर हरिहर मास्तर म्हनून हायत, तारखात्यातनंच पेन्शनीत निघालेले. ते शिकवतात. मग खात्याची परीक्षा द्यायची नि सर्टिफिकेट घ्यायचं. तारमास्तरला सुरवातीलाच वीस रुपये."

सासरा मीठवाल्यांत हिशोबाला पक्का म्हणून नावाजलेला. त्यानं बोटांवर मोजलं. "वरीसभराची फी. वरीसभराचं तुझं खानं. बायकोपोरीचं खानं वेगलं. त्या वर्सात तुझी कमाई शून्य. बरं, नापास झालास तर?"

"परत देईन."

"म्हंजे आनखी एक वरीस. नि पास झालास नि जागाच दिली नाय तर? आपल्यातला कोन तारमास्तर झालेला ऐकलास कधी?"

"नाय."

"मग याचा हिशोब काय केलास?"

"त्याचा नाय केला," धाकू म्हणाला. "फाटकाला नाय बोलायचं, तेवढं ठरवलंय."

सासऱ्यानं काळुरामकडं पाहिलं, काळुरामनं आढ्याकडं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालन भात कांडत होती. धाकू काठी टेकत तिच्याजवळ आला तशी तिनं मुसळ थांबवलं.

"मी जाऊन बघून आली," ती म्हणाली.

"काय?"

"फाटकावरची खोली. चूल कुठं मांडायची, मांडव कुठं घालायचा, सगलं ठरवून आली. लगीन झाल्यापासून जावेच्या हाताखाली राबतंय मी. मीठ घ्यायचं तरी विचारून घ्यायचं, नि मीठ पिकवतो आपुन! एक घर मिलत होतं माझं. ते तुमी त्या पंतावरच्या रागापायी घालवता?"

"पंतावर राग नाय."

"मग कुनावर?"

"मी त्या फाटकावर बसलो तर रोज डोक्यावरनं तारा वाजत जातील नि मी खाली बावटा धरून उभा. नाय जमनार मना, मालन. मरेन मी तिथं."

"नि मी इथं मरतंय त्याचं काय?"

दुपारपर्यंत मालननं शेवंतीला कडेवर घेतली, लुगड्यांचं गाठोडं बांधलं आणि ती माहेरी निघून गेली. गावातनं जाताना तिनं मान खाली घातली नाही. विचारलं त्याला सांगितलं, "नवऱ्याला येड लागलंय. उतरलं की येईन."

धाकूनं मिठागरातला आपला वाटा काळुरामला देऊन टाकला. लोक म्हणाले, निम्म्या किमतीत दिला. पण काळुरामनं फसवलं नव्हतं. त्याच्याकडं होतं तेवढं सगळं त्यानं भावाच्या हातावर ठेवलं आणि पाठ फिरवून डोळे पुसले. बापाचा वाटा मोडला याचं त्याला खरंच वाईट वाटलं.

ठाण्यात धाकू चेंदणीच्या कोळीवाड्यात एका ओळखीच्या घरी पडवीत राहिला. भाड्याच्या बदल्यात बसल्या बसल्या जाळी विणून द्यायचा. टेंभी नाक्यावर हरिहर मास्तरांचं कौलारू घर होतं. मास्तर सडपातळ, तंबाखूचा बार सदा गालात, आणि उतारवयात कानानं अधू झालेले. तारखात्यातनं लौकर बाहेर पडावं लागलं ते त्यामुळंच. पण शिकवताना ते यंत्राच्या पितळी पट्टीवर बोट ठेवून बसत आणि बोटाला येणाऱ्या ठोक्यांवरनं कोण कुठं चुकला ते बरोबर सांगत.

वर्गात सात-आठ मुलं होती, बहुतेक कचेरीतल्या कारकुनांची, एक-दोन वकिलांची. मधल्या खोलीत टेबलावर दोन यंत्रं आणि कपाटात निळ्या मोरचुदाच्या पाण्यानं भरलेल्या बरण्या. त्यांतनं वीज निघायची आणि तारेतनं धावायची. धाकू आला त्याच आठवड्यात कुणा वकिलाचा निरोप आला, मिठागरातला माणूस आमच्या मुलांच्या खांद्याला खांदा लावून बसतो हे बरं दिसत नाही. मास्तर ओशाळून म्हणाले, "धाकू, तू आपला ओट्यावर बस. तिथंही ऐकू येतं."

धाकू ओट्यावर बसला. टिंब कुठलं नि रेघ कुठली ते तिथनं ऐकू येत होतं, पण चावीला हात लागत नव्हता. महिना भरला तसा तो फीचे पैसे घेऊन काठी टेकत आत गेला. मुलं यंत्राभोवती बसली होती.

"मास्तर, माझी फी किती?"

"तीन रुपये. माहीत नाही का तुला?"

"आणि या मुलांची?"

"तीनच."

"मग ओट्याचे दीड घ्या. नाहीतर मला चावी द्या."

एक मुलगा फिसकन हसला आणि गप्प झाला. मास्तरांना नीट ऐकू आलं नाही म्हणून की ऐकू आलं म्हणून, ते थोडा वेळ धाकूच्या तोंडाकडं बघत राहिले. मग खिडकीशी जाऊन त्यांनी तंबाखू थुंकली.

"दीडमध्ये माझं भागत नाही," ते म्हणाले. "ये. बस इथं."

त्या आठवड्यात दोन मुलांना त्यांच्या बापांनी वर्गातनं काढून घेतलं. धाकूला फार अवघडल्यासारखं झालं. त्यानं मास्तरांना तसं बोलून दाखवलं, तर ते उसळले. "माझे सहा रुपये गेले, तुझे नाही. माझं मी बघतो. तू हात सुधार. चावी आहे ती, कुदळ नाही."

हात सुधारणं सोपं नव्हतं. तार ओढून ओढून धाकूच्या बोटांना कातड्यासारखे घट्टे पडलेले. हलका स्पर्श त्यांना ठाऊकच नव्हता. त्याहून जड इंग्रजी. तारा इंग्रजीत जायच्या आणि धाकूचं इंग्रजी म्हणजे स्टेशनांच्या पाट्या. अक्षरं तो भराभर ओळखायचा, पण शब्द लिहिताना घसरायचा. वर्षाअखेरीला परीक्षा झाली. पाठवण्यात तो पास, घेण्यात नापास. साहेबानं पाचपन्नास शब्दांवर लाल रेघा ओढल्या होत्या.

नापासाची बातमी कोपरला धाकूच्या आधी पोचली. फाटकाची जागा एव्हाना दुसऱ्याला गेली होती. चारचौघांत मालनचा बाप म्हणाला, "पाय लंगडा झाला तो झाला, अक्कलही लंगडीच निघाली."

दोन दिवसांनी चेंदणीच्या पडवीत धाकू जाळं घेऊन बसला होता. समोर मालन उभी. डोक्यावर सुकटीची पाटी, बोटाला धरून शेवंती.

"का आलीस?" धाकूनं विचारलं.

"बापाशी भांडली."

"कला?"

"तुमाला लंगडा बोलला."

"तू तर मना त्याहून वंगाल बोललीस."

"मी बोलनार. माझा नवरा हाय," मालननं पाटी उतरवली. "त्यानं कला बोलावं? नि एक ध्यानात ठेवा. मी माफ नाय केलंय. घर गेलं माझं. त्याचं मी मरेपर्यंत बोलनार."

"बोल."

"बोलनारच."

ती बोललीही. पण रोज सकाळी टेंभी नाक्याच्या बाजूला ती सुकट विकायला बसू लागली, आणि त्या पाटीवर तिघांचं पोट आणि मास्तरांची फी चालली. कुणी आगरीण-कोळीण गिऱ्हाइकीला आली आणि विचारलं की नवरा काय करतो, तर मालन ठसक्यात सांगायची, "शिकतो!" तिशी गाठत आलेल्या बाप्याला शिकतो म्हणताना ऐकून बाया तोंडाला पदर लावायच्या. मालन त्यांना सुकट थोडी कमीच घालायची.

दुसऱ्या खेपेला धाकू पास झाला. सर्टिफिकेट हातात आलं तेव्हा हरिहर मास्तरांनी ते खिडकीशी धरून दोनदा वाचलं आणि म्हणाले, "आता खरी परीक्षा. जागा माग."

जागा मागायला धाकू कल्याणला प्रभाकरपंतांकडं गेला. पंतांनी कागद उलटसुलट पाहिला. "सर्टिफिकेट खरं आहे," ते म्हणाले. "जागा नाही."

पुढं दोन वर्षं हेच उत्तर मिळत राहिलं. जागा निघत नव्हत्या असं नव्हे. निघायच्या आणि कळायच्या आत भरायच्या. कधी कुणाचा भाचा, कधी कुणाचा मेहुणा. एकदा पंत स्वतः म्हणाले, "हे बघ, सामानाच्या कोठीवर मुकादम पाहिजे. आठ रुपये. घेतोस?"

"माझ्या कागदावर मुकादम लिहिलेलं नाही, पंत."

"अरे, मी तुझ्या भल्याचं सांगतोय."

"ठाऊक आहे. तरी नको."

पोटासाठी तो ठाण्याच्या खाडीवर मिठाच्या गोदीत पोती मोजत होता. मोडलेला पाय थंडीत ठणकायचा. काळुराम एकदा होडीबरोबर आला, भावाला धक्क्यावर पोती मोजताना पाहून पाऊण तास त्याच्याजवळ बसला आणि जाताना म्हणाला, "मिठातनंच सुटायला गेला होतास ना रे?"

"अजून सुटलो नाय," धाकू म्हणाला. "सुटेन."

आणि मग गाठीचा ताप आला. मुंबईत तो आधीच सुरू झाला होता; १८९७च्या सुरुवातीला ठाणं आणि कल्याणही सुटलं नाही. उंदीर पडू लागले तशी माणसं घरं सोडून माळावर झोपड्या घालून राहू लागली. शाळा बंद, बाजार निम्मे. चेंदणीत धाकूच्या शेजारची घरं एकामागून एक बंद झाली. हरिहर मास्तर गावी निघून गेले. अशा दिवसांत एका सकाळी कल्याणहून हमाल आला. पंतांनी बोलावलंय, आत्ताच्या आत्ता.

मालन म्हणाली, "मी पन येतंय." शेवंतीला माळावर ओळखीच्या बाईपाशी ठेवून दोघं निघाली.

तारघरात शिरल्यावर धाकूनं पंतांना क्षणभर ओळखलंच नाही. दाढी वाढलेली, पगडी खुंटीवर, डोळे लाल. एक तारमास्तर तापानं गेला होता, दोघे न सांगता गावाला पळाले होते. पंत एकटे किती दिवस यंत्रावर बसून होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"आलास. बस," ते म्हणाले. "हंगामी घेतो. रोज आठ आणे."

धाकू बसला नाही. "हंगामी नको. कायम करा. वीस रुपये."

"कायम करणं माझ्या हातात आहे का? अरे, वेळ काय, तू बोलतोस काय! लोक मरतायत."

"मरतायत, पंत. माझ्या शेजारी मरतायत. साथ गेली की रोजावरचा माणूसही जाईल. दोन वर्षं मी विचारत होतो तेव्हा जागा नव्हती. आज आहे. आजच विचारून घेतो."

"ही अडवणूक झाली."

"झाली," धाकू म्हणाला.

मालन ओसरीवर ऐकत होती. ती दारात आली. "अहो, मानसं तडफडतात नि तुमी भाव करता?"

"मी आज नाय मागितलं तर उद्या मना कोन विचारनार?" त्यानं तिच्याकडं न बघता म्हटलं, कारण बघवत नव्हतं.

"मग लवकर करा," मालन म्हणाली आणि परत ओसरीवर जाऊन बसली.

प्रभाकरपंतांनी मुंबईच्या मोठ्या कचेरीला तार लावली. उत्तर यायला लागलं तेव्हा दोन अक्षरं लिहून होताच पेन्सिल त्यांच्या बोटांतनं निसटली. "तू घे," ते म्हणाले आणि बाजूला सरले.

धाकू खुर्चीवर बसला आणि यंत्र बोलेल ते लिहीत गेला. हंगामी, तीन महिने, महिना पंधरा. त्यानं कागद पंतांपुढं सरकवला, आणि पंत वाचताहेत तोवर चावीवर बोटं ठेवून स्वतःच उत्तर पाठवलं. नाही. कायम. वीस.

"अरे, काय केलंस हे!" पंतांनी त्याचं मनगट धरलं. "पलीकडं कोण बसलंय माहीत आहे का तुला?"

"नाही. पण आता त्यांनाही माझा हात माहीत झाला."

यंत्र गप्प झालं. मग इगतपुरीकडनं हाक येऊ लागली, पुन्हा पुन्हा, आणि घ्यायला कुणी हात पुढं करीना. धाकू उठला. काठी घेतली. हा माणूस आता आपल्याला जाऊ देईल, आणि मग जन्मभर मीठ मोजणं. तरी तो दारापर्यंत गेला.

मागं चावी वाजू लागली. पंत स्वतः पाठवत होते, सावकाश, थकलेल्या हातानं. धाकू उंबऱ्यात थांबला. एकेक अक्षर त्याला कळत होतं. हा माणूस आमच्या खांबांवर आठ वर्षं चढला. आमच्या खांबावरनं पडून अधू झाला. सर्टिफिकेट घेऊन दोन वर्षं थांबला आहे. हा गेला तर कल्याणचं तारघर आज बंद पडेल. माझ्याच्यानं आता बसवत नाही.

उत्तर यायला बराच वेळ गेला. आलं ते लहान होतं. कायम. पंधरा. वर्षानं वीस.

पंतांनी कागद धाकूकडं धरला. "आणखी ताणू नकोस," ते म्हणाले.

धाकूनं विचार केला, पंतांकडं पाहिलं, आणि काठी भिंतीला टेकवून खुर्चीवर बसला. इगतपुरी अजून हाका मारत होती. त्यानं ती घेतली.

प्रभाकरपंत घरी जाऊन पडले ते आठवडाभर उठले नाहीत. ताप नव्हता, नुसता थकवा. तोवर आणि त्यानंतरही साथ ओसरेपर्यंत धाकू त्या यंत्रावर होता. कुणाचा मुलगा गेला, कुणाची आई, कुणी येऊ नका, कुणी ताबडतोब या. इंग्रजी लिहिताना पूर्वी तो अडखळायचा. त्या महिन्यांत काही शब्द त्याच्या हातात इतके बसले की बसले नसते तर बरं झालं असतं असं त्याला वाटे. कोपरच्या बाजूचीही एक तार त्यानं घेतली. मालनचा बाप गेला होता. ती तार त्यानं स्वतः तिला वाचून दाखवली. मालननं भिंतीकडं तोंड केलं आणि ती बराच वेळ रडली. "भांडनच राह्यलं त्याच्याशी," ती म्हणाली, "मिटवायचं राह्यलं."

धाकू आणि प्रभाकरपंत यांच्यात मैत्री कधी झाली नाही. पंत त्या दिवसाची अडवणूक विसरले नाहीत आणि धाकूनं तिची माफी मागितली नाही. पण पाळी बदलताना पंत आता "धाकू" ऐवजी "भोईर" म्हणू लागले. शेवंतीला ठाण्याहून आणून कल्याणात दोघा नवराबायकोंनी भाड्याची खोली घेतली. तारमास्तराच्या बायकोनं सुकट विकणं शोभत नाही असं शेजारच्या बायांनी सुचवलं तेव्हा मालन म्हणाली, "पगार त्याचा. पाटी माझी." आणि ती बाजारात बसतच राहिली.

साथ गेल्यावर वर्ष-दीड वर्षानं काळुराम कल्याणला आला. लहान मिठागरं एकेक करून बंद होत चालली होती. जेवण झालं, पान झालं, आणि मग त्यानं भीत भीत विषय काढला. थोरला मुलगा शाळेत बरा होता. त्याला तार शिकवावी का?

"खरा हिशोब सांग," काळुराम म्हणाला. "तारमास्तर म्हनून नको, भाऊ म्हनून सांग."

धाकूनं सगळं सांगितलं. फी, दोन वर्षांचं खाणं, नापासाचं वर्ष, जागेची वाट बघण्यात गेलेली दोन वर्षं, विकलेला वाटा. एकीकडं तेवढं, दुसरीकडं आत्ताचा पगार. काळुरामला गणित यायचं नाही असं नव्हतं. त्याच्या कपाळावर आठ्या पडत गेल्या.

"म्हंजे अजून भरून आलं नाय?"

"नाय. आनखी पाच-सात वर्सांनी येईल. जगलो तर."

"म्हंजे हा धंदा तोट्याचाच झाला."

"आजपातूर तरी तोट्याचाच."

काळुरामनं सुस्कारा सोडला. "मग नको पाठवू त्याला?"

"पाठव," धाकू म्हणाला.

"आत्ताच तोटा बोललास!"

"बोललो. पाठव."

"तू येडा हायस, धाकू."

"हाय ना. सोमवारी माझ्याकडं पाठव."

आतनं मालन ओरडली, "नि जेवायला इथंच येऊ दे त्याला!"